इंजिन बंद असतानाचा आकडा

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून नुकतीच लागलेली पोरं लॅपटॉप उघडतात, बिघाडाचा कोड बघतात आणि लगेच फोन करतात, "दादा, एक्झॉस्ट प्रेशर सेन्सर गेलाय, नवा मागवू का?" मी त्यांना रागवत नाही. माझी सुरुवातही तशीच झाली होती आणि तिचे पैसे माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापले गेले.

कोल्हापूरजवळ टोपकडच्या एका खाणीवर पोकलेन बंद पडलं होतं. बंद म्हणजे चालू व्हायचं, पण लोड घ्यायचं नाही. बकेट दगडात घातली की इंजिन घुटमळायचं आणि डॅशवर पिवळा दिवा. कोड आला १२०९, म्हणजे एक्झॉस्ट गॅसचं प्रेशर. मी सेन्सर बदलला, कोड पुसला, चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन, "काय लावून गेलास रं? परत तेच!"

या वेळी आमचे मिस्त्री सोबत आले. हा माणूस उद्यमनगरात ऑइल इंजिनं खोलत मोठा झालेला, लॅपटॉप त्यांनी पन्नाशीनंतर हातात घेतला. त्यांनी इंजिन चालूच केलं नाही. नुसती चावी फिरवली आणि मला म्हणाले, "वाच." तीन आकडे वाचले. हवेचा दाब ९५, बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) ९५, एक्झॉस्ट ९६. "आता तुझा काढलेला जुना सेन्सर कुठंय? त्याचीच पिन लाव." तो गाडीतल्या डब्यात पडला होता. मोकळ्या हवेत धरून पिन लावली. ९५. चांगला सेन्सर मी काढून टाकला होता.

हे नीट समजून घ्या, कारण याला ना हत्यार लागतं ना खर्च. इंजिन बंद असताना सायलेन्सरच्या बाजूला कसलाही दाब नसतो, बाहेरची हवा तेवढी असते. त्यामुळे निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेसकट एकूण दाब दाखवणारे सगळे सेन्सर चावी फिरवल्यावर एकमेकांच्या जवळपास दिसले पाहिजेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून आपल्याकडे हा आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. करूळ घाट उतरून खाली कोकणात गेलात की तोच १०१ च्या घरात जातो. पुस्तकात १०१ वाचून आलेला एक पोरगा इथले तिन्ही सेन्सर खराब म्हणून लिहून मोकळा झाला होता. काही सॉफ्टवेअर हवेचा दाब वजा करून दाखवतात, तिथे बंद इंजिनावर शून्याच्या जवळ आकडा हवा. आपला स्कॅनर कोणता दाब दाखवतो हे आधी बघून ठेवा.

सेन्सर ठीक, मग बिघाड कुठे? मिस्त्रींनी इंजिन चालू करून रेस दिली आणि एकदम बंद केलं. बूस्टचा आकडा झटक्यात खाली आला. एक्झॉस्टचा मात्र १४०, १३१, १२०... मी मनात वीसपर्यंत मोजलं तरी तो उतरतच होता. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा भाग, त्याच्याजवळच्या उष्णतेत सेन्सर टिकत नाही, म्हणून तो लांब बसवतात आणि मधे एक बारीक लोखंडी नळी असते. तीच काजळीने आणि ओलाव्याने तुंबली होती. आत सुईएवढं भोक उरलेलं, दाब त्यातून झिरपत जायचा आणि झिरपतच यायचा. रेस दिल्यावर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, प्रेशर उशिरा दिसायचं, त्यामुळे टर्बो आणि ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) हिशेब चुकायचा. सायकलच्या ब्रेकची तार घालून मिस्त्रींनी नळी मोकळी केली. तळहातावर डांबरासारखा काळा गोळा पडला. नळी काढूनच साफ करा, जागेवर फुंकर मारलीत तर घाण सेन्सरमध्ये जाते. आणि हा भाग कमालीचा तापतो, थंड होईपर्यंत हात लावू नका.

डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा सेन्सर वेगळा. त्याला दोन होज असतात, एक फिल्टरच्या आधी, एक नंतर, आणि तो दोन्हींतला फरक सांगतो. बंद इंजिनावर हा फरक शून्यच हवा. होज उलटसुलट लागले तर आकडा वजा दिसतो. फिल्टरच्या आधीचा होज चिरला किंवा निसटला तर फरक कायम शून्याजवळ राहतो. हे जास्त वाईट, कारण दिवा लागायला उशीर होऊ शकतो आणि तोवर काजळी साचलीय हे यंत्राला पुरतं कळतच नाही. सेन्सर पाइपपेक्षा वर आणि होज उताराने खाली आलेला पाहिजे. मधे झोळ पडला की तिथे पाणी साचतं. गगनबावडा-राधानगरीच्या पावसात चालणाऱ्या मशिनींवर मी आधी हा झोळच बघतो.

कोडच्या मागचा एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा पोरं वाचतच नाहीत. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. हे दोन आले की मल्टिमीटर काढा. ०, १६ किंवा २ असेल तर आधी पाना काढा आणि नळ्या बघा. वायरिंगमध्ये तीन तारा: पाच व्होल्ट, सिग्नल आणि अर्थ. शून्य फरकावर बऱ्याच डीपीएफ सेन्सरचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर एकदम मेले असं समजू नका. पाच व्होल्टची लाइन सामायिक असते. मीटर त्या लाइनवर ठेवून एकेक पिन काढत जा, ज्याची पिन काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो चोर. काही न सापडलं तर वायरिंग कुठे घासलंय ते हात फिरवून बघा. उंदीर आणि प्रेशर वॉश, माझ्या हिशेबात या दोघांनी सेन्सरपेक्षा जास्त कामं दिली आहेत.

आता माझी आवडती गोष्ट. डीपीएफचा सेन्सर खरं सांगतोय का, हे तपासायला मी गवंड्याची लेव्हल पाइप वापरतो. १० किलोपास्कल म्हणजे पाण्याचा साधारण एक मीटर स्तंभ. पाइप यू आकारात बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, दिसायला चिमूटभर कुंकू टाकायचं. एका तोंडाला टी, टीचं दुसरं तोंड सेन्सरच्या फिल्टरआधीच्या होजच्या पोर्टला, तिसरं आपल्या तोंडात. हळू फुंकायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५० सेंटीमीटरचा फरक पडला की स्कॅनरवर ५ च्या जवळ आकडा यायला पाहिजे. नवा माणूस एकाच बाजूचं पाणी किती चढलं ते मोजतो, ते २५ भरतं, आणि सेन्सर दुप्पट दाखवतोय म्हणतो! दोन्ही पातळ्यांतलं अंतर मोजा. टी पाण्यापेक्षा बराच वर बांधा, नाहीतर कुंकवाचं पाणी सेन्सरला पाजाल. कंप्रेसरची हवा चुकूनही लावू नका, त्या दाबाने आतला पडदा फाटतो. आमच्या शेडमध्ये असा एक सेन्सर गेलाय, कोणी लावली ते अजून कबूल होत नाही.

काम झाल्यावर मशीन उभी ठेवून रीजन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायची वेळ येते तेव्हा जागा बघा. त्या वेळी डीपीएफच्या आत साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापमान जातं. उसाच्या फडात, वाळल्या पाचटावर मशीन उभी करून रीजन लावणारा ऑपरेटर मी पाहिलाय. चावी मीच काढून घेतली, मग त्याने शिव्या घातल्या, मग आम्ही मिळून मशीन मुरमाच्या रस्त्यावर आणली.

माझ्या खिशात एक शंभर पानी वही असते. ज्या मशीनला हात लावतो तिचे तीन आकडे, चावी फिरवून, इंजिन बंद असताना, तारखेसकट त्यात लिहितो. टोपच्या त्या पोकलेनचं पान पहिलं आहे. त्याच पानावर खाली कापलेल्या पगाराचे तीन हप्तेही लिहिलेत.