म्हाताऱ्या कुत्र्याचं शेवटचं वर्ष कसं सांभाळायचं

आमच्या कुत्र्याचं नाव जिरावन. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पोह्यांवर जो तपकिरी मसाला भुरभुरवतात ना, तो जिरावन. २०१० च्या रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहून लोक घरी परतत होते, तेव्हा रामबागेत माझ्या माहेरच्या ओट्याखाली हे पिल्लू सापडलं, गुलालाने पार गुलाबी. तीनदा आंघोळ घातल्यावर खालून मसाल्याचा रंग निघाला. हाक मारायला जिरू. चौदा वर्षं राहिला आणि त्यातलं शेवटचं वर्ष मी शिकत, चुकत काढलं. आता राजेंद्रनगरात कुणाचं कुत्रं म्हातारं झालं की माणसं माझ्याकडे विचारायला येतात. प्रत्येकाला चहाबरोबर तेच सांगून जीभ दमली, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिलं सांगणं असं की घाबरून काही ठरवू नका. फेब्रुवारीत एका सकाळी जिरू उठला तो मान एका बाजूला टाकूनच. डोळ्यांची बुबुळं सारखी डावी-उजवीकडे हलत होती आणि उभा केला की गोल फिरून पडायचा. शेजारचे एक काका म्हणाले, "लकवा मार गया भाभी, अब इसको मत तड़पाओ." आमच्या ह्यांनीही मान डोलावली. डॉक्टरांनी मात्र तपासून सांगितलं, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांना असं होतं आणि बहुतेकदा दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. तेवढे दिवस दोन उशांच्या मध्ये निजवला, चमच्याने पाणी पाजलं, शू करायला पोटाखालून टॉवेल घालून धरला. चौथ्या दिवशी गाणं वाजवत कचरागाडी आली आणि पठ्ठ्याने पडल्या पडल्या सूर लावला. मान जराशी वाकडी राहिली ती राहिलीच. त्यामुळे शेवटपर्यंत तो काहीतरी विचारतोय असं वाटायचं. त्या सकाळी काकांचं ऐकलं असतं तर पुढचे नऊ महिने गेले असते. अर्थात असंच लक्षण कानातल्या इन्फेक्शननेही दिसतं आणि मेंदूतल्या बिघाडानेही, म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय कॉलेज जवळ आहे, ते लक्षात असू द्या.

घरातले बदल सोपे आहेत, पण आपल्याला सुचत नाहीत. आमच्याकडे सगळीकडे कोटा फरशी. तिच्यावर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, एकदा पडला की तो उठायलाच भितो आणि आपण म्हणतो, आळशी झाला. त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्यांचा रस्ता करा. नखं वेळेवर कापा. पाण्याचं भांडं पाटावर ठेवा, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही.

खाण्यात एकच गोष्ट मी आयुष्यभर पाळली: कांदा नाही, लसूण नाही. दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे हेही नको. इंदुरात हे पाळणं किती कठीण, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. सकाळी दर दुसऱ्या कोपऱ्यावर पोहे, आणि पोह्यांवर कांदा. सासूबाई चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातलं भरीत-रोडगा आधी कुत्र्याला घालायच्या. वर्षभर त्याला हाड-हाड करणाऱ्या बाई त्या दिवशी त्याला "या" म्हणायच्या. त्यांच्याशी वाद कोण घालणार? मी रोडगा राहू द्यायचे आणि भरीत गुपचूप उचलायचे. देव काही रागावला नाही.

आता माझी चूक. जिरूचे सांधे दुखत होते, म्हणून मी आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी गुळात घालून दिली. कळल्यावर डॉक्टर माझ्यावर असे चिडले की ह्यांना बरं वाटलं असावं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, आतडी यांना इजा होऊ शकते. मांजराचा तर एका गोळीत जीव जाऊ शकतो. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं मिळतात, ती डॉक्टरांना विचारून, वजनावर मोजून द्यायची. वजन घरी करता येतं: आधी त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. महिन्याला एकदा पुरे. जिरूचं वजन जूनमध्ये १७ किलो होतं, सप्टेंबरात १४. पाणी जास्त प्यायला लागला होता, शूही जास्त, तोंडाला वास. मूत्रपिंडं थकली होती.

आणखी दोन गोष्टी शिकून घ्या. गाढ झोपेत असताना श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. तीसच्या वर सतत जात असेल तर फोन करा. आणि वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. कुत्रं धडधाकट असताना चार वेळा करून पाहिलंत की बदल लगेच समजतो.

आता कॅलेंडरचं. माझ्या सगळ्या सांगण्यातलं हे एक कराच.

डॉक्टरांनी मला एक मोजपट्टी सांगितली होती, अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चाललंय ते ठीक. चांगली आहे. पण मी गुण द्यायला बसले की लबाडी करायचे. पेपर आपल्याच पोराचा, तपासणारी मी.

म्हणून मी जिरूच्या आवडीच्या चार गोष्टी कालनिर्णयच्या कडेला लिहिल्या: कचरागाडीच्या गाण्याला सूर लावणं, ह्यांच्या चपला पळवणं, फाटकाशी येणाऱ्या काळीला हुंगणं, पोळीचा शेवटचा तुकडा. गल्लीतल्या भटक्या कुत्रीला आम्ही काळी म्हणतो. चारातल्या तीन झाल्या की चौकटीत लाल टिंब, कमी झाल्या की निळं. रात्री दिवा मालवायच्या आधी, दोघांनी एकमेकांना विचारून. यादी कुत्रं बरं असतानाच करायची, हे मुख्य. नंतर केली की आपण "श्वास घेतो" हेसुद्धा आवडीत लिहितो.

ऑगस्ट लाल होता. सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या रात्री, ढोल ऐकूनही तो पलंगाखाली गेला नाही. मी खूश झाले, म्हटलं, भीती गेली. कॅलेंडर पाहिलं तेव्हा कळलं, भीतीच नाही, सगळंच गेलं होतं. ऑक्टोबर बहुतेक निळा. नोव्हेंबरात सलग सहा निळी टिंबं आली आणि सहाव्या दिवशी गाडी दारात गाणं वाजवत उभी असताना त्याने कानही हलवला नाही. गाडीवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, आज भिया ने गाना नहीं गाया?" मी आत येऊन डॉक्टरांना फोन लावला.

त्या दिवसाची तयारी आधीच करून ठेवा. डॉक्टर घरी येतील का, ते विचारा. पैसे आधीच देऊन टाका. नंतर सुटे मोजायची हिंमत नसते. खाली जुनी चादर अंथरा, कारण शेवटी लघवी सुटते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीचंच औषध खूप जास्त मात्रेत. काही मिनिटांतच श्वास थांबतो आणि हृदयही. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, कातडी थरथरते. तो परत आलेला नसतो. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून मी किंचाळले नाही. जमेल तर खोलीत थांबा, हात अंगावर ठेवा.

सकाळी ह्यांनी कोपऱ्यावरून पोहे आणले होते. चौदा वर्षं जे मागितलं, ते आज देऊ म्हटलं. जिरूने चार-पाच पोहे आणि थोडी शेव चाटली. त्याच्यापुढे बशी ठेवायच्या आधी मी कांदा वेचून काढला होता.

पुरायचं असेल तर जागा स्वतःची हवी, नसेल तर महापालिकेत चौकशी करा. खड्डा तीन-चार फूट खोल आणि बोअरिंगपासून लांब. औषध शरीरात राहतं, म्हणून दुसऱ्या जनावराने उकरता कामा नये. वर दगड रचा. प्लॅस्टिक नको, सुती कापड घ्या. दोन-तीन तासांत शरीर ताठ होऊ लागतं, म्हणून आधीच पाय दुमडून ठेवा. माळव्याची काळी माती ओली असली की फावड्याला सोडत नाही. ह्यांना आणि काकांना (तेच, लकवावाले) दोन तास लागले. काळी आली, तिला हुंगू दिलं. ती हुंगून निघून गेली. घरात दुसरं जनावर असेल तर त्यालाही हुंगू द्या, नाहीतर ते शोधत राहतं.

मुलांना खरं सांगा. पुण्याहून मुलाने नातीला "जिरू देवाघरी गेला" सांगितलं, तर ती म्हणाली, "मग परत कधी येणार?" आणि "झोपवलं" तर अजिबात म्हणू नका, पोरं झोपायला घाबरतात. मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तो मेला, आता दुखत नाही, परत येणार नाही. ती रडली, मग विचारलं की त्याची चादर कुणी घेतली.

मोठ्यांचं अवघड असतं. "कुत्राच होता" म्हणणारे भेटतील, "तेरावा करणार का?" असं हसून विचारणारेही भेटतील. त्यांना उत्तर देऊ नका, दमायला होतं. सकाळी सहाला जाग येणारच. मी पट्टा न घेता त्याच रस्त्याने फिरत राहिले, कारण घरी बसून त्या वेळेचं काय करायचं ते कळेना. घरी इंजेक्शनं दिली असतील तर वापरलेल्या सुया कचरागाडीत वेगळ्या डब्यात द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका. न उघडलेली औषधं डॉक्टरांकडे परत करा, दुसऱ्या कुणाला लागतात.

दुसरं कुत्रं कधी आणायचं, ते मला विचारू नका. ह्यांनी दोनदा विषय काढला, मी दोनदा चहा ठेवायला उठले. जिरूचं पाण्याचं भांडं मात्र उन्हाळा लागल्यापासून भरून ठेवते. काळी दुपारी येऊन पिते. आत ठेवलं तर शिवत नाही, म्हणून फाटकाबाहेर ठेवावं लागतं.