कॅम्परमधले दिवे बदलताना

छोट्या कॅम्पर ट्रेलरमधले (गाडीमागे ओढायच्या, मुक्काम करता येणाऱ्या डब्यातले) जुने १० वॅटचे बल्ब बॅटरी लवकर उतरवतात, शिवाय झाकणही तापतं. तेवढ्याच उजेडाला एलईडी साधारण २ वॅटमध्ये भागवतो.

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलात तर एलईडी नुसता ‘१२ व्होल्ट’चा मागू नका, १० ते ३० व्होल्टवर चालणारा मागा. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतं आणि स्वस्तातली एलईडी पट्टी तिथेच जळते. रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर, घ्या. पांढराफेक उजेड एवढ्याशा जागेत डोळ्यांना फार टोचतो. बसवल्यावर लागला नाही तर प्लस-मायनस उलटं करून बघा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच हवा, वायरच्या जाडीला साजेसा. तो उडाला तर मोठा घालू नका, आधी वायर कुठे घासली आहे ते शोधा.