रंगकाम करताना थिनरची वाफ आणि घासकामाची धूळ यांपासून स्वतःला कसे जपावे

कोल्हापुरात रंगकामाची घाई गणपतीच्या आधी सुरू होते ती दिवाळीपर्यंत टिकते. पेठांतल्या जुन्या घरांना दसऱ्याच्या आत रंग हवा असतो, पाचगाव-कळंब्याकडच्या नव्या अपार्टमेंटांत ताबा देण्याची तारीख जवळ आलेली असते, आणि बाहेर पावसाची सर अधूनमधून येतच असल्याने खिडक्या लावून आत काम चाललेले असते. रंगाऱ्याच्या शरीरात सर्वाधिक रसायने जातात ती अशाच बंद खोलीत. परांचीवरून पडण्याची भीती सगळ्यांना असते, कारण पडलेला माणूस दिसतो. थिनरची वाफ आणि घासकामाची धूळ यांचा परिणाम दिसायला मात्र वर्षे जातात, म्हणून त्यांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये रंगाऱ्याचा व्यवसायच माणसात कर्करोग घडवणाऱ्या बाबींच्या पहिल्या गटात घातला आणि नंतरच्या फेरतपासणीतही तो तिथेच राहिला. फुप्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध विशेष स्पष्ट आहे. यावर उपाय म्हटला की मास्क आणून मोकळे होण्याकडे बहुतेकांचा कल असतो. वास्तविक मास्क हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी वाफ आणि धूळ मुळातच कमी निघेल अशा रीतीने काम लावता येते, आणि खरा फरक तिथेच पडतो.

जुना रंग घासताना

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून त्याआधी रंगवलेली दारे, चौकटी, खिडक्यांचे गज आणि जिन्याचे कठडे यांवरच्या ऑइल पेंटमध्ये शिसे आहे असे समजूनच हात घालावा. शुक्रवार पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घराची चौकट पट्टीने खरवडली, तर हिरव्याखाली पिवळा, त्याखाली तपकिरी असे थरावर थर निघतात. शिशाच्या दृष्टीने सर्वांत खालचे थर सर्वाधिक संशयास्पद असतात. असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग पाण्याने ओला करून वॉटर पेपरने घासावा, निघालेला लगदा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत भरावा आणि खाली आधीच प्लास्टिकचा कागद अंथरलेला असावा. बर्नरच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत तर पूर्ण बंद करावी, कारण तापलेल्या शिशाचा धूर धुळीपेक्षाही सहज शरीरात जातो. काम संपल्यावर कोरडा झाडू मारला, तर बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत उडते. फरशी पुसूनच घ्यावी.

शिसे हाडांत साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून कामाचे कपडे साइटवरच बदलावेत, पिशवीत बांधून घरी न्यावेत आणि वेगळे धुवावेत. बाप घरी आल्या आल्या मूल त्याला बिलगते, ते त्याच्या सदऱ्यावरच्या धुळीला. घासकामाला आणि लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लगदा) भरायला अनेक ठिकाणी बायका असतात. त्यांपैकी कोणी गरोदर असेल, तर तिला या कामावर आणि थिनरच्या कामावर ठेवूच नये. हे तिने मागावे लागू नये, मुकादमानेच पाहावे.

नव्या भिंतीची धूळ शिशाची नसते, तरी निर्धोकही नसते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी अल्कधर्मी असल्याने हाताला भेगा पाडते, आणि प्लास्टर किंवा काँक्रीट ग्राइंडरने घासल्यास त्यातल्या वाळूची बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होऊ शकतो, जो बरा होत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर वायर ब्रश मारणे तर टाळावेच. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा पाण्याने भिजवून मऊ ब्रशने हलकेच साफ करावा.

थिनर, टर्पेंटाइन आणि पॉलिश

थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन यांसारखी द्रावके असतात आणि स्वस्त, सुट्या थिनरमध्ये मिथेनॉलही मिसळलेले असू शकते. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली, म्हणजे बसून काम करणाऱ्याच्या नाकापाशी साचते. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असे समजू नये; थोड्या वेळाने नाकच सरावते. छताचा पंखा लावल्याने वाफ खोलीतल्या खोलीत फिरते, बाहेर जात नाही. एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा, समोरचे दार उघडे ठेवावे आणि ताजी हवा आपल्या पाठीकडून येऊन वाफ पुढे खिडकीकडे जाईल, असे उभे राहून काम करावे. थिनरचा मोठा डबा उघडा ठेवू नये. लागेल तेवढे छोट्या डब्यात ओतून झाकण लगेच लावावे. जिथे पाण्यात मिसळणारा रंग चालण्यासारखा आहे तिथे ऑइल पेंटचा आग्रह धरू नये. त्या रंगांतही बुरशीनाशके असतात आणि काहींच्या त्वचेवर त्यांनी पुरळ उठते, परंतु फुप्फुसाच्या आणि मेंदूच्या दृष्टीने ते पुष्कळच बरे.

सर्वांत जास्त काळजी पॉलिशवाल्यांची वाटते. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून ते दारे-खिडक्या बंद करून, फटींना कागद लावून आत स्प्रे गन चालवतात, आणि फर्निचर आरशासारखे निघावे यासाठी स्वतः धुक्यात उभे राहतात. मेलामाइन या लाकडाच्या पॉलिशमधून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. पीयूच्या (पॉलियुरेथेन पॉलिशच्या) हार्डनरमध्ये, म्हणजे ते कडक होण्यासाठी मिसळायच्या द्रवात, आयसोसायनेट असते, ज्यामुळे दमा होतो. एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अत्यल्प मात्राही दम लागायला पुरते, आणि मग पीयूचे काम कायमचे सोडण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून सुटे होणारे शटर आणि दारे उघड्या गच्चीवर किंवा वर्कशॉपमध्ये नेऊन स्प्रे करावीत, आणि जागेवर जे करावेच लागेल ते ब्रशने करता येते का ते आधी पाहावे.

पाण्याच्या टाकीत इपॉक्सी (राळेचा कडक लेप) मारण्याचे काम या सगळ्याहून वेगळे आहे. ब्लोअरची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडून सतत ताजी हवा दिल्याशिवाय, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर एक माणूस उभा केल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. आतला माणूस कोसळला तर वरच्याने त्याच्यामागे उडी मारू नये. दोराने ओढावे आणि मदत बोलवावी. अशा टाकीत किंवा बंद खोलीत विडी-काडी आणि ठिणगी उडवणारे यंत्र नेऊ नये, हे सांगायला नकोच.

मास्क, गूळ आणि हात धुणे

तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अजिबात अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. थिनरच्या कामाला सेंद्रिय वाफेसाठीचे, कोळशाचे कार्ट्रिज असलेला रबरी हाफ मास्क लागतो, आणि स्प्रे असेल तर कार्ट्रिजवर तुषार अडवणारा प्रीफिल्टरही. मास्क घातल्यावर दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाकून श्वास ओढावा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला तर तो नीट बसला, बाजूने हवा आली तर नाही. दाढीवर तो नीट बसत नाही. काम झाल्यावर मास्क थिनरच्या डब्याशेजारी खिळ्याला लटकवला, तर कोळसा रात्रभर वाफ शोषून सकाळपर्यंत निकामी होतो. हवाबंद पिशवीत ठेवावा आणि आत वास येऊ लागताच कार्ट्रिज बदलावे. आयसोसायनेटचा वास धोक्याच्या पातळीलाही जाणवत नसल्याने पीयूच्या स्प्रेला या खुणेवर विसंबता येत नाही. त्यासाठी नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच योग्य.

संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ उतरते, ही समजूत गुळाच्या या जिल्ह्यात फार घट्ट आहे. गूळ घशाला बरा वाटतो, इतकेच. घशातून पोटात गेलेली वस्तू फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. दुधाचेही तेच. त्यापेक्षा तंबाखू मळण्याआधी हात धुण्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल, कारण रंगाच्या धुळीने माखलेल्या तळव्यावर मळलेली चिमूट शिशासकट तोंडात जाते. हात थिनरने धुऊ नयेत. त्याने रंग निघतो तसे त्वचेचे तेलही निघते आणि द्रावक त्वचेतून आत जाते. आधी गोडेतेल चोळून रंग सैल करावा, मग साबण लावावा. हातमोजे घालून काम केले तर हा खटाटोपही उरत नाही.

दुखणे कामाचे आहे हे कसे ओळखावे

डोके जड होणे, चक्कर, मळमळ किंवा रात्रीचा खोकला सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल आणि कामावर जाताच परत येत असेल, तर दुखणे कामाचेच असण्याची शक्यता मोठी. विसरभोळेपणा, चिडचिड, हातापायांना मुंग्या, पोटात कळा आणि हट्टी बद्धकोष्ठ यांकडेही दुर्लक्ष करू नये. लघवीतून वेदनेशिवाय एकदा जरी रक्त गेले, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) किंवा नेहमीच्या डॉक्टरकडे जाताना वापरातल्या डब्यांचे लेबलसह फोटो न्यावेत आणि ‘मी रंगकाम करतो’ हे आपणहून सांगावे, म्हणजे रक्तातील शिशाची किंवा श्वासाची तपासणी त्यांना सुचेल.

चुना किंवा पुट्टी डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता, पापणी उघडी धरून किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. कोणी थिनर प्यायले तर उलटी करवू नये, कारण ते वर येताना फुप्फुसात शिरते. दूध किंवा मिठाचे पाणीही देऊ नये. १०८ ला फोन करावा आणि डबा सोबत न्यावा. अशा प्रसंगांना बहुतेक वेळा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले थिनर कारणीभूत असते, तेव्हा ती सवय ठेकेदाराने साइटवर चालूच देऊ नये.

ठेकेदाराकडून आणखी एक गोष्ट वेळेवर मागून घ्यावी. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र असेल, तर १८ ते ६० वयाच्या रंगाऱ्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. प्रमाणपत्र काम चालू असतानाच घ्यावे. हंगाम संपला की ठेकेदार फोन उचलत नाहीत.