सॉकेट बदलताय? आधी करंट खरंच गेलाय का ते बघा

सॉकेट बदलणं तसं दहा पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यातली पहिली पाच मिनिटं नुसती करंट गेलाय ना हे बघण्यात गेली पाहिजेत. नुसता बोर्डवरचा स्विच बंद करून भागत नाही, कारण कुणीतरी वायरिंग करताना स्विच फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलमधे (करंट परत नेणारी वायर) टाकलेला असेल तर स्विच बंद असूनही सॉकेटमधे फेज असतोच. त्यामुळे एमसीबी (मेन बोर्डातला, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर टीव्ही का बंद पडला म्हणून कुणीतरी मधेच वर करणार. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर अजून एक गंमत, मेन पाडलं की त्याला वाटतं लाईट गेली आणि तो लगेच सप्लाय द्यायला लागतो, म्हणजे इन्व्हर्टरच्या लाईनवरचं सॉकेट तसंच जिवंत! तोही बंद करा.

मग टेस्टर. तो आधी चालू सॉकेटमधे लावून पेटतोय ना बघा, मग आपल्या सॉकेटमधे, आणि परत एकदा चालू सॉकेटमधे. टेस्टरच खराब असेल तर तो कुठंच पेटणार नाही आणि आपण खुशाल हात घालू.

सॉकेटची पट्टी (पुढची प्लेट) काढली की वायरला हात लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. रंगावर जाऊ नका, आधीच्या माणसाने हाताला येईल ती वायर वापरलेली असू शकते, कुठली वायर कुठल्या टर्मिनलला होती ते बघा (एल म्हणजे फेज, एन न्यूट्रल, वरचं मोठं भोक अर्थिंगचं). एकाच टर्मिनलमधे दोन वायरी दिसल्या तर त्यातली एक पुढच्या सॉकेटला गेलेली असते, दोन्ही परत तिथंच लावायच्या.

नवीन सॉकेट जुन्याच अँपिअरचं घ्या. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचतो, म्हणून 6 च्या जागी 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं तरी मागची वायर बारीक ती बारीकच राहते आणि तापते तीच.

वायरचं टोक काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, साधारण 8 ते 10 मिमी सोला, तारा पिळून दुमडा आणि स्क्रू आवळा. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, प्लास्टिकवर नाही. मग प्रत्येक वायर ओढून बघा, अगदी जोर लावून, कारण सॉकेट जळतात त्यातले बरेच लूज कनेक्शननेच जळतात, तिथं ठिणग्या पडत राहतात आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

काळेपणा आत पाईपपर्यंत गेलाय, वायर अल्युमिनियमची आहे किंवा अर्थिंगची वायरच नाहीये, असं काही दिसलं तर पट्टी लावून इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात कमीपणा काही नाही.

सगळं बसवल्यावर एमसीबी वर करा, टेस्टर लावून स्विच बंद केल्यावर फेज जातोय ना बघा, मग इस्त्री लावून पंधरा वीस मिनिटांनी पट्टीला बाहेरून हात लावा. गरम लागली तर परत एमसीबी खाली आणि स्क्रू उघडून बघा.