शिष्यवृत्ती मंजूर, पण पैसे खात्यात नाहीत?

आदिवासी मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचा. उत्पन्न जास्त असेल तर शिकवणी व परीक्षा शुल्कासाठी वेगळी योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम' योजनेतून जेवण-राहण्याचा खर्च मिळू शकतो. ही योजना अनेक घरांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

पैसे अडकतात ते बहुधा बँकेपाशी. पासबुकाची झेरॉक्स दिली की झाले, असे वाटते. पण रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, आणि ते एका वेळी एकाच बँकेतले असते. मुलाने मधे दुसरीकडे खाते उघडून आधार जोडले असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग', म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते, तपासून पाहा. ते खाते बंद पडलेले असेल तर बँकेत जाऊन वापरात असलेल्या खात्याला आधार जोडण्याचा अर्ज द्या.

जात वैधता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे जमातीचा दाखला तपासून खरा ठरवणाऱ्या कागदासाठी, मात्र बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अकरावीतच कॉलेजमार्फत प्रस्ताव पाठवा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यातली जमातीची नोंद शोधायलाच महिने जातात.