सायटिकाची कळ कशी आटोक्यात आली – माझा अनुभव

कंबर दुखतेय म्हणून फिजिओकडे गेलो खरा पण मुख्य त्रास पायाचाच होता, डाव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत करंट मारल्यासारखी कळ, शिंक आली की संपलंच. मॅडमनी उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला तर ४० अंशाच्या आसपासच मी ओरडलो, म्हणाल्या एल-५ची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याखालून पायात जाणारी नस दबलेली दिसतेय, यालाच सायटिका म्हणतात.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मॅकेन्झीच्या, म्हणजे कंबर मागे वाकवण्याच्या व्यायामाने. पालथं झोपायचं, आधी कोपरांवर टेकून छाती उचलायची, जमलं की तळहातांवर, कंबर मात्र एकदम ढिली. कळ पायातून वर सरकत कंबरेत गोळा व्हायला लागली की समजायचं बरोबर चाललंय, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पण कळ पावलाकडे उतरली तर तिथेच थांबायचं. आणि हो, हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही, मणक्यातली जागा अरुंद झालेल्यांना उलट पुढे वाकून बरं वाटतं.

नंतर नर्व्ह ग्लायडिंग, म्हणजे नस हळूहळू मागेपुढे सरकवायचा व्यायाम, खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, पाय खाली आणताना हनुवटी छातीकडे, झटका न देता. शेक आणि मशीन वगैरे तेवढ्यापुरतंच वाटलं मला. झोपून राहण्यापेक्षा थोडं थोडं चालणं कितीतरी बरं.

फक्त लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं तर व्यायाम करत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.