खाली खाज सुटलीये? मेडिकलमधून ट्यूब आणायच्या आधी हे वाचा

पावसाळ्यात ठाणे काय नि ऐरोली-कोपरखैरणे काय, गॅलरीतले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग तीच ओलसर निकर, वरून घट्ट लेगिंग्ज, आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं. कँडिडा नावाची बुरशी बऱ्याच जणींच्या योनीत थोडीफार असतेच, ओल आणि ऊब मिळाली की ती वाढायला मदत होते. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, शुगर वाढलेली असताना किंवा गरोदरपणातही हे बुरशीचं इन्फेक्शन होतं. डायबिटीससाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर जाते म्हणून जास्तच होतं, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरना सांगा.

आता ओळखायचं कसं. मेन म्हणजे खाज, बसू न देणारी. बाहेरची कातडी लाल, सुजलेली, कातडीला लघवी लागली की चरचरतं, संबंधाच्या वेळी दुखतं. अंगावरून पांढरं जातं ते घट्ट, फुटलेल्या दह्यासारखं, आणि त्याला खास वास नसतो. हा वासाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पातळ करडं पाणी जातंय आणि मासळीसारखा वास येतोय तर ते बहुतेक बॅक्टेरियाचं, हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारं एका परजीवीचं इन्फेक्शन, असू शकतं, त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. बुरशीचं औषध या दोन्हीवर चालत नाही.

पहिल्यांदाच होत असेल, गरोदर असाल, ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, फोड आलेत किंवा मधेच रक्त जातंय तर सरळ गायनॅककडे जा. खर्चाचं टेन्शन असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, वाशीला महापालिकेचं आहे. स्वॅब घेतात, म्हणजे कापसाच्या काडीने आतला नमुना, त्याला लाजायचं काय.

बुरशीचं औषध साधं आहे. क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या येतात, १०० एमजीची ६-७ रात्री किंवा ५०० एमजीची एकच. झोपताना हात धुवायचे, पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे आणि गोळी बोटाने किंवा सोबतच्या अ‍ॅप्लिकेटरने जमेल तेवढी आत सरकवायची. सकाळी निकरला पांढरा चुरा लागतो, तो गोळीचाच, घाबरू नका, पॅड लावा, टॅम्पॉन नको. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. या औषधाने कंडोम कमजोर होऊ शकतो, त्यामुळे तेवढे दिवस त्याच्या भरवशावर राहू नका. तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल १५० एमजी, एकच गोळी, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्या, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी सांगा, आणि गरोदरपणात ती नकोच, तेव्हा डॉक्टर सात रात्रींचं क्लोट्रिमॅझोल देतात.

आणि हे कळकळीने सांगते, मेडिकलवाला "खाजेवर" म्हणून जी मिक्स क्रीम देतो तिच्या ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं आहेत, खाज एका रात्रीत थांबते म्हणून लावत राहतो, बुरशी तिथेच राहते आणि नाजूक कातडी पातळ होत जाते. आपल्याकडे किती घरात ही ट्यूब कपाटात पडलेली असते! दही, लसूण, अँटिसेप्टिक लिक्विड यातलं काहीही आत घालायचं नाही, सुगंधी वॉशही नको, बाहेरून साधं पाणी पुरे. निकर सुती घाला आणि ओलसर राहिली तर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करून घ्या.

नवऱ्याला औषध सहसा लागत नाही, त्याला खाज किंवा लाल चट्टे असतील तरच. वर्षातून तीनदा किंवा जास्त झालं तर मात्र पुन्हा पुन्हा तीच गोळी आणू नका, शुगर तपासा आणि कल्चर (नमुना लॅबमध्ये वाढवून नेमकी कुठली बुरशी ते बघतात) करून घ्या, कारण कँडिडाच्या काही जातींना फ्लुकोनॅझोल लागूच पडत नाही, आणि लागू पडत असेल तर डॉक्टर आठवड्याला एक गोळी अशी सहा महिने देतात.